कमी पैशांत रेकॉर्डसाठी जुनी स्टिरिओ: पहिला खर्च सुईचा

बजेट बेताचं आहे, रेकॉर्ड ऐकायला वापरलेली जुनी सिस्टिम जमवायची आहे, तर जास्त पैसे ॲम्प्लिफायरवर घालावेत, स्पीकरवर की टर्नटेबलवर, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते हे तिन्ही जुने चालतील. सुई मात्र नवीच हवी. तिचे पैसे आधी बाजूला काढा आणि उरलेल्यात बाकीचं बसवा.

माझ्या पहिल्या टर्नटेबलला जी सुई लावलेली होती, तीच मी कित्येक महिने वापरली. गाण्यातले 'स' आणि 'श' फाटायचे, बाजू संपत आली की जास्तच. रेकॉर्ड जुन्या आहेत, असं वाजणारच, असं मी धरून चाललो. सुई बदलल्यावर बऱ्याच रेकॉर्ड स्वच्छ वाजल्या, पण त्या महिन्यांत ज्या वरचेवर लावल्या होत्या त्यांची खरखर राहिली ती राहिलीच. सुईच्या टोकाला हिरा असतो, तो झिजला की त्याला धार येते आणि ती खाचेच्या भिंती खरवडत जाते. त्यात आईची एक रेकॉर्ड गेली, ते मला अजून लागतं.

म्हणून टर्नटेबल पसंत करण्याआधी त्याच्या कार्ट्रिजची (सुई जिच्यात बसते ती छोटी डबी) सुई आज मिळते का, ते शोधा. मिळत नसेल, तर निदान कार्ट्रिज बदलता येईल असा टोनआर्म (कार्ट्रिज धरणारा दांडा) हवा. अर्ध्या इंचावर दोन स्क्रू असलेली बसवणी सर्वांत सोयीची. टोनआर्मच्या मागच्या टोकाचं वजन जागेवर आहे ना आणि तो कुठेही न अडकता फिरतो ना, हेही बघा. बहुतेक मूव्हिंग मॅग्नेट (सुईबरोबर चुंबक हलतो अशा) कार्ट्रिजना रेकॉर्डवर दीड ते दोन ग्रॅम भार पुरतो. सिरॅमिक कार्ट्रिजचे पेटीवजा प्लेअर खूप जास्त भार टाकतात, ते टाळा. तबकडी फिरवणारा रबरी पट्टा सैल असेल तर काळजी नको, नवा स्वस्तात मिळतो. मशीन परदेशातलं असेल तर व्होल्टेजबरोबर फ्रिक्वेन्सीही तपासा: ६० हर्ट्झसाठी बनवलेली सिंक्रोनस मोटर (जिचा वेग विजेच्या फ्रिक्वेन्सीवर ठरतो) आपल्याकडच्या ५० हर्ट्झवर मिनिटाला ३३⅓ ऐवजी जेमतेम २८ फेरे घेते आणि गाणं रेंगाळतं. ट्रान्सफॉर्मर लावून हा दोष जात नाही.

ॲम्प्लिफायर १९७०-८० च्या दशकांतला घ्या, कारण खरी बचत तिथे होते. कार्ट्रिजमधून जेमतेम काही मिलिव्होल्ट निघतात. शिवाय रेकॉर्ड कापताना खर्ज दाबलेला आणि वरचे सूर उचललेले असतात. १९५४ पासून रूढ झालेल्या आरआयएए (अमेरिकेतील रेकॉर्ड कंपन्यांची संघटना) प्रमाणानुसार हे उलटं करून घ्यावं लागतं आणि ते काम फोनो इनपुट करतो. त्या काळच्या बहुतेक ॲम्प्लिफायरमध्ये तो असतोच, वेगळी डबी घ्यावी लागत नाही. वॉटच्या आकड्याला भुलू नका, वॉट दुप्पट झाले तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. बटणं फिरवताना होणारी खरखर सहसा कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते. व्हॉल्यूम शून्यावर असतानाही स्पीकरमधून मोठी घूं येत असेल, तर आतले कपॅसिटर थकलेले असू शकतात. असा नग मी सोडून देतो.

स्पीकरची जाळी काढून शंकूभोवतीची कड बोटाने हलकेच दाबा. फोमची कड वर्षांनी भुगा होते, रबराची किंवा कापडाची बरीच टिकते. जोडताना दोन्हीकडे लाल वायर लाललाच लावा. एक जरी उलटी लागली तरी खर्ज नाहीसा होतो आणि माणूस उगाच स्पीकरला दोष देतो.

टर्नटेबल ऐकायला जाल तेव्हा पियानोची एखादी रेकॉर्ड सोबत न्या. वेग डळमळत असेल तर लांबलेल्या सुरात लगेच कळतं. पण लाडकी रेकॉर्ड नेऊ नका, विकणाऱ्याची सुई किती झिजली आहे ते कोणाला ठाऊक.