पहिला जुन्या धाटणीचा रेडिओ घेताना

भाऊ, पहिला सेट घेतोयस, लई आनंद झाला. पण लाकडी पेटी अन् पितळी बटणं पाहून लगेच पैसे देऊ नको. आधी डायल बघ, मिडियम वेव्ह, म्हणजे जुना एएमचा पट्टा, आहे का? बऱ्याच सेटमध्ये नुसतं एफएम आणि ब्लूटूथ असतं. आकाशवाणी नागपूर लागते ५८५ किलोहर्ट्झवर, मिडियम वेव्हला.

खरखर आली की नवखे वरची अँटेनाची काडी ओढत बसतात. ती एफएमची. मिडियम वेव्हचा अँटेना आत फेराइटच्या, म्हणजे काळ्या चुंबकीय पदार्थाच्या, कांडीवर गुंडाळलेला असतो. म्हणून अख्खा रेडिओच हळूहळू फिरव, एका कोनात आवाज मोकळा होतो. एलईडी बल्ब, चार्जर लांब ठेव.

मे महिन्यात टिनाखाली सेट ठेवू नको, माझी लिथियम बॅटरी तिथंच फुगली. बाकीचं सावकाश शिकशील.