पहिलं दरपत्रक लिहिण्याआधी

प्रिय चित्रकार,

अनेक आशीर्वाद.

पुस्तकाच्या एका मुखपृष्ठाचे किती पैसे मागावेत, असं तू विचारलंस. इतर मुलं किती घेतात याची चौकशी करून आकडा ठरवू नकोस. कोणी आईवडिलांकडे राहत असेल, कोणाची दुसरी नोकरी असेल. आपला आकडा आपल्या खर्चातून काढायचा.

खोलीभाडं, जेवण, प्रवास मिळून महिन्याला २२,००० धरू. रंग, कागद, सॉफ्टवेअर, इंटरनेटचे ५,०००. ९०,०००चा संगणक तीन वर्षं टिकेल असं मानलं तर त्याचे महिन्याला २,५००. हा खर्च नवीन मुलं धरतच नाहीत आणि यंत्र बंद पडलं की उसनवारी सुरू होते. आजारपण आणि रिकाम्या महिन्यांसाठी ४,५००. झाले ३४,०००. महिन्याला २०० तास काम केलंस तरी पैसे मिळतात ते साधारण निम्म्या तासांचे. उरलेले भेटी, फोन, बिलं आणि न मिळालेली कामं खाऊन टाकतात. म्हणजे तासाला ३४०. आता मुखपृष्ठ: हस्तलिखित वाचायला ५ तास, कच्ची रेखाटनं ६, पक्कं चित्र १२, दुरुस्त्या ४, छपाईची फाइल ३. तीस तासांचे १०,२००.

प्रकाशक म्हणेल, माझ्याकडे चारच हजार आहेत. मराठी पुस्तकाची आवृत्ती लहान असते, तो बहुधा खरंच बोलत असतो. अशा वेळी तासाचा दर तसाच ठेव आणि काम कमी कर. तीनऐवजी एकच रेखाटन दे, प्रसंगचित्राऐवजी दोन रंगांतलं अक्षरांचं मुखपृष्ठ सुचव, बारा तासांत होईल असं. तीस तासांचं काम चार हजारांत दिलंस, तर पुढच्या वेळी तोच तुझा भाव ठरेल.

यानंतरचं नीट वाच, कारण कला महाविद्यालयात हे फारसं कोणी शिकवत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, कोणी मोबदला देऊन तुझ्याकडून चित्र काढून घेतलं आणि उलट काही ठरलेलं नसेल, तर त्या चित्राचा पहिला हक्कदार तो काढून घेणारा धरला जातो. मग तेच चित्र पिशवीवर, कॅलेंडरवर छापलं तरी तुला वेगळे पैसे मागायला जागा उरत नाही. म्हणून काम सुरू करण्याआधी दरपत्रकात लिहायचं: ‘कॉपीराइट चित्रकाराकडे राहील. या पुस्तकाच्या छापील मराठी आवृत्तीच्या मुखपृष्ठासाठी आणि त्याच्या जाहिरातीसाठी वापराची परवानगी.’ ई-पुस्तक, अनुवाद, इतर वस्तू यांचा दर वेगळा. खाली दोघांच्या सह्या. कोणी सगळे हक्क मागितलेच, तर मुदत आणि प्रदेश लिहून घे. हक्क लेखी देताना मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर भारत. मूळ चित्राचा कागद कोणाकडे राहणार, हेही लिही. तो आणि कॉपीराइट या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

त्याच पानावर आणखी तीन ओळी: निम्मी रक्कम आगाऊ; दुरुस्तीच्या दोन फेऱ्या, तिसरीपासून तासाप्रमाणे पैसे; रेखाटन मंजूर झाल्यावर काम रद्द झालं तर आगाऊ रक्कम परत नाही.

मुखपृष्ठ बिघडतं ते जास्त करून कण्यावर, म्हणजे पुस्तकाच्या बांधणीकडच्या जाडीच्या पट्टीवर. डेमी आकार, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच. साधारण १४० बाय २१६ मिलिमीटर. २४० पानं म्हणजे १२० कागद. ८० जीएसएमचा (चौरस मीटरला ८० ग्रॅम) मॅपलिथो, म्हणजे पुस्तकांचा साधा कागद, साधारण ०.१ मिलिमीटर जाड, म्हणून कणा १२ मिलिमीटर. पुढचं, मागचं आणि कणा मिळून रुंदी २९२. चारी बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा कड, धरून फाइल २९८ बाय २२२. इथे घोटाळा असा होतो की आयत्या वेळी कागद बदलतो, कणा जाड किंवा बारीक होतो आणि कण्यावरचं नाव मधोमध राहत नाही, कधी पुढच्या बाजूवरही येतं. म्हणून मुद्रकाकडून त्याच कागदाची कोरी डमी, म्हणजे न छापलेलं नमुना पुस्तक, मागव आणि पट्टीने मोज. शीर्षक कडेपासून किमान ८ मिलिमीटर आत ठेव. मराठीत वेलांट्या आणि उकार ओळीच्या वरखाली पसरतात, कटिंगमध्ये पहिला बळी त्यांचा जातो. फाइल सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांत, चित्र प्रत्यक्ष आकाराला ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके. बारीक अक्षरं फक्त काळ्या शाईत ठेव. चारही रंगांचा काळा केलास तर छपाई केसभर हलली तरी कडा फुटतात. अक्षरांचे कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे आकार बनवून, पाठव, नाहीतर मुद्रकाच्या संगणकावर फॉन्ट नसला की जोडाक्षरं तुटतात. कर्व्ह करण्याआधीची फाइल मात्र जपून ठेव. लेखकाच्या नावातली चूक शेवटच्या दिवशीच सापडते. आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून चित्र कधीही पाठवू नकोस, ते दाबून लहान केलं जातं.

पैशांचं थोडक्यात. पॅन आणि आधार वापरून उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, कर. ती सरकारी संकेतस्थळावर मोफत आहे. शुल्क मागणारी संकेतस्थळं मध्यस्थांची असतात. ही नोंदणी काम घेण्याआधी झालेली असेल, तर तुझ्यासारख्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत देणं बंधनकारक आहे. उशिराला व्याजही मागता येतं. बिलावर नोंदणी क्रमांक छाप. कंपनीने कर कापून पैसे दिले तर तो तुझ्या पॅनवर जमा झालाय का, ते बघ. उत्पन्न कमी असलं तरी आयकर विवरणपत्र भरल्याशिवाय तो परत मिळत नाही.

दिवाळी अंकांकडे ऑक्टोबरमध्ये जाऊ नकोस. जूनपर्यंत संपादकाला नमुने दाखव. दहाबारा पुरेत, त्यांतली निदान पाच छापील कथेच्या पानावर मजकुरासह बसवलेली. फक्त व्यक्तिचित्रं आणि स्थिरचित्रं पाहून त्याला तुझं काम पानात कसं दिसेल ते कळत नाही.

स्वतःचं काही छापावं असंही तुझ्या मनात आहे. दीनानाथ दलालांनी १९४५ साली ‘दीपावली’ हा अंक सुरू केला, तेव्हा चित्रकारच आपल्या चित्रांचा प्रकाशक झाला. ही वाट मला तुझ्यासाठी आवडेल, पण सुरुवात कॅलेंडरने नको; जानेवारी उलटला की उरलेल्या प्रती रद्दीत जातात. तारीख नसलेली पोस्टकार्डं कर. सहा चित्रं, प्रत्येकी ५० प्रती, डिजिटल छपाई. एवढ्या कमी प्रतींना ऑफसेट छपाईला लागणाऱ्या प्लेटांचा खर्च परवडत नाही. एखादं चित्र दोन प्रदर्शनांत संपलं, तर त्याच्या हजार प्रतींचा विचार कर.

आता एक कोरा कागद घेऊन पहिलं दरपत्रक लिही आणि मला पाठव. रकमेची जागा मोकळी सोडू नकोस.

तुझ्या कामाची वाट पाहणारे,
तुझे सर