खानदेशातील मुलीला व्यापारी जहाजावर अधिकारी होता येईल का?

होय, निश्चितच, भुसावळहून समुद्र दूर आहे म्हणून कोणत्याही मुलीने मागे हटू नये. भारताच्या व्यापारी जहाजांवरील पहिल्या महिला कॅप्टन राधिका मेनन केरळमधील कोडुंगल्लूरच्या, म्हणजे प्राचीन मुझिरिस बंदराच्या परिसरातल्या. रेडिओ अधिकारी म्हणून सुरुवात करून त्या २०१२ मध्ये कॅप्टन झाल्या आणि जून २०१५ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्याजवळ, पंचवीस फुटांहून उंच लाटांत, त्यांच्या जहाजाने शिडी सोडून सात मच्छीमारांना वर घेतले. किनाऱ्याचा वारसा मात्र प्रवेशाची अट नाही (आपली तापीसुद्धा सुरतेजवळ समुद्रालाच मिळते). बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित घेऊन भारतीय सागरी विद्यापीठाची प्रवेश परीक्षा द्यावी. डोळे आधीच तपासून घ्यावेत, कारण रात्री समोरच्या जहाजाचे लाल-हिरवे दिवे अचूक ओळखता यावे लागतात.