एम.टीएच.चा विषय तुम्ही स्वतःच लिहून गेला आहात

सलाम भाऊ,

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बी.डी. (ईश्वरविज्ञानाची पहिली पदवी) होऊन तीन वर्षं झाली, बीड जिल्ह्यातल्या खेड्यात पाळक आहात. पुढे एम.टीएच. (त्याच विषयातली पदव्युत्तर पदवी) करावं का, केलं तर बायबलचा जुना करार घ्यावा की मिशनशास्त्र (मंडळीच्या सेवाकार्याचा अभ्यास), आणि कशाला 'मागणी' जास्त, असं तुम्ही विचारलंय. शेवटी जाता जाता लिहिलंय की दसऱ्यानंतर अर्धी मंडळी (चर्चचे सभासद) ऊसतोडीला जाते, पाडव्यापर्यंत चर्च रिकामंच असतं, तर त्या दिवसांत ऑनलाइन करून टाकता येईल का.

मी त्या शेवटच्या ओळीवरच थांबले. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं तिच्यातच आहेत. पण आधी व्यवहाराचं बोलू.

ऑनलाइन 'करून टाकणं' जमणार नाही. तुमची बी.डी. सेरामपूरची आहे (बंगालातलं, आपलं नगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर नव्हे, हे नव्या वाचकांसाठी). तिथलं कॉलेज केरी, मार्शमन आणि वॉर्ड या मिशनऱ्यांनी 1818 मध्ये काढलं, 1827 मध्ये डेन्मार्कच्या राजाच्या सनदेने त्याला पदव्या देण्याचा अधिकार मिळाला, आणि आज देशभरातली अनेक ईश्वरविज्ञान महाविद्यालयं त्याच्या सिनेटशी, म्हणजे पदव्या देणाऱ्या मंडळाशी, संलग्न आहेत. सिनेटची एम.टीएच. ही कॉलेजात राहून करायची दोन वर्षांची पदवी आहे. आधी पेपर, मग प्रबंध. घरी बसून करण्यासारखा बी.सी.एस.चा (बॅचलर ऑफ ख्रिश्चन स्टडीज) अभ्यासक्रम सिनेटकडे आहे, पण तो मंडळीतल्या शिक्षक, नर्स, नोकरदार अशा लोकांना डोळ्यांसमोर ठेवून केलेला आहे. तुम्ही तो टप्पा कधीच ओलांडलात. तुमच्या संडे स्कूलच्या शिक्षकांना मात्र त्याबद्दल जरूर सांगा.

आणि एक कळकळीची विनंती. हॉटेलच्या हॉलमध्ये गाऊन घालून 'डॉक्टरेट' वाटणारे लोक आपल्या भागात फिरतात. पैसे भरा, फोटो काढा, नावामागे डॉक्टर लावा. त्यांच्या वाटेला जाऊ नका. आपल्या लोकांनी ज्वारीच्या पायलीतून पाळकाला वाटा दिलेला असतो. त्या पैशातून खोटी पदवी विकत घेणं मला पाप वाटतं, आणि मी हा शब्द जपून वापरते.

आता 'मागणी'. कॉलेजात शिकवायची जागा हवी असेल तर जुन्या आणि नव्या कराराचे शिक्षक लागतात, कारण हिब्रू किंवा ग्रीक नीट येणारी माणसं कमी. एवढंच त्या प्रश्नाचं उत्तर. पण मागणी बघून शाखा घेतलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत. दुसऱ्या वर्षी प्रबंधाचा विषय मागायला ते मार्गदर्शकाच्या दारात उभे राहतात, आणि मार्गदर्शक स्वतःच्या आवडीचा एखादा उरलेला विषय हातावर ठेवतो. प्रबंध होतो, पदवी मिळते, आणि तो माणूस परत आल्यावर त्याच्या उपदेशात त्या दोन वर्षांचा मागमूस नसतो.

माझी गोष्ट सांगते. बी.डी. झाल्यावर मी नगर जिल्ह्यातल्या एका गावात महिला सभा घेत होते. माझे यजमान तिथे पाळक होते. एका बुधवारी स्तोत्र 136 घेतलं. तुम्हाला माहीतच आहे, सव्वीस ओव्या आणि प्रत्येकीच्या शेवटी 'त्याची दया सनातन आहे'. मी वाचायचं आणि बायकांनी ते पालुपद म्हणायचं, असं चाललं होतं. सात-आठ ओव्या झाल्यावर एक म्हातारी विधवा बाई गप्प झाली. मी विचारलं, मावशी, काय झालं? ती म्हणाली, "बाई, दया तर पाटलीणबाईबी करायची. वरनं भाकर टाकायची, हात लागू नये म्हणून. देवाची दया तशीच का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. बी.डी.ला मी ग्रीक घेतलं होतं, हिब्रूची अक्षरंसुद्धा येत नव्हती. मी काहीतरी गोड बोलून सभा संपवली आणि घरी येऊन रडले.

त्या एका प्रश्नासाठी मी वयाच्या चौतिसाव्या वर्षी, दोन मुलं आईकडे ठेवून, जुन्या कराराच्या एम.टीएच.ला गेले. त्या स्तोत्रातला मूळ शब्द 'हेसेद'. जुन्या करारात तो सुमारे अडीचशे वेळा येतो, त्यातला निम्म्याच्या आसपास स्तोत्रांमध्ये. जुन्या ग्रीक भाषांतराने त्याच्यासाठी बहुतेक ठिकाणी 'एलेओस' म्हणजे करुणा हा शब्द घेतला, आणि तीच छटा पुढच्या कितीतरी भाषांतरांत उतरली. पण हिब्रूत त्या शब्दाला नात्याचं हाड आहे. ज्याच्याशी आपण बांधलेलो आहोत त्याला अडचणीत न सोडणं, दिलेला शब्द पाळणं, आणि तेही प्रेमानं. रूथच्या पुस्तकात तो तीनदा येतो, आणि त्यातल्या एका ठिकाणी बवाज तो रूथसाठी वापरतो. म्हणजे शेतात सरवा वेचणारी परकी विधवा हेसेद करते! वरून भाकर टाकणाऱ्याचा हा शब्दच नाही.

प्रबंध पुरा झाल्यावर मी त्या गावी गेले. मावशी खाटेवर होती. मी तिला माझ्या परीने सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजी त्यानं हात सोडला नाय, असंच ना?" माझ्या दीडशे पानांत इतकं नेमकं वाक्य नव्हतं.

आता तुमच्या ओळीकडे येऊ. तुमची मंडळी दसऱ्यानंतर जाते, म्हणजे नवरा-बायकोचा कोयता (दोघांची तोडणीची जोडी) मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन बसलेला असतो, ट्रक येतो, भांडी, शेळी, पोरं सगळं चढतं, आणि पुढचे पाच-सहा महिने ती माणसं उसाच्या फडाजवळच्या कोप्यांमध्ये, म्हणजे झोपड्यांमध्ये, राहतात. तुम्ही लिहिता 'चर्च रिकामं'. मी म्हणते चर्च रिकामं झालेलं नाही, ते सांगलीच्या नाहीतर बेळगावच्या फडात गेलंय. रिकामी झाली ती इमारत. तिथे त्यांचा रविवार कसा जातो? कोपीत प्रार्थना कोण घेतं? नाताळ कुठे होतो? बाळंत झालेल्या बाईजवळ कोण बसतं? ज्या गावात तळ पडतो तिथली मंडळी त्यांना ओळखते का, की तिच्या लेखी ते फक्त ऊसतोडे? आणि पाळक कुठे असायला हवा, बीडला की फडात?

भाऊ, हा मिशनशास्त्राचा प्रबंध आहे. 1952 मध्ये जर्मनीतल्या विलिंगेनला भरलेल्या मिशन परिषदेपासून या शास्त्रात एक गोष्ट ठामपणे मांडली जाते, की मिशन मुळात देवाचं, मंडळी त्यात सामील होते. मग मंडळीने माणसं पाठवायच्या आधीच देव त्या फडात काय करतोय, हे बघायला कुणीतरी जायला नको का? हे बघायला एडिनबरोसारख्या परदेशी विद्यापीठातून कुणी येणार नाही. तुम्हाला त्यांची बोली येते, त्यांच्या लेकरांची नावं माहीत आहेत.

जुना करारच हवा असेल तरी दार उघडं आहे. निर्गमचा पाचवा अध्याय काढा. मिसरात राबणाऱ्या इस्राएलींना विटांसाठी लागणारा पेंढा देणं बंद, पण विटांची संख्या तीच पाहिजे. आणि फारोने नेमलेल्या त्या माणसांना आपल्या मराठी बायबलात शब्द कोणता आहे? मुकादम. तुमची मंडळी हा अध्याय वाचताना काय ऐकते, हे त्यांना बसून विचारलंय कुणी? तेव्हा शाखा कोणतीही घ्या. प्रश्न गावाकडून घेऊन जा, मग शाखा आपोआप ठरेल.

असं करणारे तुम्ही पहिले नसाल. 1981 साली बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मल या आपल्या मराठी माणसाने शूद्रांच्या ईश्वरविज्ञानाची मांडणी केली. दलित ईश्वरविज्ञानाची सुरुवात बरेच जण तिथून मानतात. आपल्या बापजाद्यांच्या अनुभवातून त्यांनी प्रश्न उचलला, म्हणून तो टिकला.

कुठे जावं? तुमच्या घरची परिस्थिती बघता मी आधी पुण्याचं युनियन बिब्लिकल सेमिनरी बघा म्हणेन. ते 1953 मध्ये यवतमाळला सुरू झालं आणि 1983 मध्ये बिबवेवाडीला आलं. तिथून फडावर जाऊन मुलाखती घेणं तुम्हाला परवडेल, एसटीने पहाटे निघालात तर दुपारी तळावर. बंगळूरचं युनायटेड थिऑलॉजिकल आणि चेन्नईचं गुरुकुल यांचं दलित आणि सामाजिक प्रश्नांवरचं काम दांडगं आहे. बंगळूरचं अभिलेखागार जुन्या मिशन कागदपत्रांसाठी नावाजलेलं आहे. या प्रश्नावर कॅथलिक भावंडंही लिहितात, म्हणून सांगते: पुण्यात नगर रोडला ज्ञानदीप आहे. 1893 मध्ये श्रीलंकेतल्या कँडीला सुरू झालेलं, धर्मगुरू घडवणारं पेपल सेमिनरी 1955 मध्ये तिथे आलं, त्याच्याबरोबरची ही संस्था. तिथे धर्मभगिनी आणि प्रापंचिक लोकही शिकतात.

डायसिसकडून (धर्मप्रांताकडून) शिफारसपत्र लागेल. ते नुसतं सही-शिक्क्याचं आणू नका. पास्टरेट कमिटीसमोर (मंडळीच्या कारभारी समितीसमोर) उभं राहून विषय सांगा, आणि परत आल्यावर किती वर्षं सेवा करायची हे लेखी ठरवून घ्या. दोन वर्षं घर कसं चालणार, हेही तिथेच बोला. पाळकाच्या बायकोने गप्प बसून सोसायचं, ही आपली जुनी खोड आहे, ती तुमच्या घरी तरी नको.

इंग्रजीची भीती तुम्ही लिहिली नाहीत, पण तुमच्या वाक्यांतून कळली. शिकवणं आणि लिहिणं इंग्रजीतच आहे, हे खरं. पहिले सहा महिने जड जातात, पुढे हात बसतो. पण मराठी सोडू नका. माझ्या वेळी एका मार्गदर्शकाने मला प्रबंधातले सगळे मराठी संदर्भ काढायला लावले, 'हे ईश्वरविज्ञान नाही, लोकसाहित्य आहे' म्हणून. मी काढले. आजही मला त्याचं वाईट वाटतं, कारण तेव्हा भांडायला हवं होतं. ज्या भाषेत फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण 1616 साली छापलं गेलं, ज्या भाषेत पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल उतरवलं, ज्या भाषेत रेव्हरंड टिळकांनी अभंगांतून ख्रिस्त गायला, तिला तळटीपेतसुद्धा जागा नसावी? 1842 पासूनचं आपलं नियतकालिक ज्ञानोदय बघा. दुष्काळ, स्थलांतर, जात, सगळ्यांवर आपल्याच लोकांनी त्यात लिहून ठेवलंय, आणि ते अंक चाळणारे विद्यार्थी बोटांवर मोजण्याइतके. तुम्ही मुलाखती मराठीत घ्या, त्यांच्या शब्दांत उतरवा, आणि भाषांतर खाली द्या. कुणी हरकत घेतली तर मला सांगा.

दसऱ्याला अजून वेळ आहे. तोवर हिब्रू अक्षरं गिरवायला घ्या, शाखा कोणतीही असो. या वर्षी ट्रक भरतील तेव्हा वही घेऊन उभे राहा: कोण कुठल्या कारखान्याला चाललंय, कोणती पोरं बरोबर, कोण म्हाताऱ्यांजवळ मागे राहिलं, बायबल कुणाच्या बोचक्यात गेलं. नाताळात निदान एका तळावर जाऊन मुक्काम करा. उपदेश करू नका, नुसतं बसा त्यांच्यात. मग दोन पानांत, मराठीतच, तुमचा प्रश्न लिहून मला पाठवा. प्रस्तावाची इंग्रजी भाषा आपण दोघं मिळून बसवू.