घरात कुत्रा आहे आणि बागही करायची आहे?

रोपं आणायची घाई करू नका, आधी माती बघा. ओलसर माती मुठीत दाबा. गोळा झाला आणि बोटाने टोचल्यावर सहज फुटला तर उत्तम. चिकट लगदाच राहिला तर चांगलं कुजलेलं कंपोस्ट वरच्या पाच-सहा इंचांत मिसळा.

खतांच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. एरंडीची पेंड आणूच नका. तिच्यात रायसिन हे विष राहिलेलं असू शकतं आणि कुत्री ती आवडीने खातात. हाडांच्या खताचा वासही त्यांना खेचतो. मग रोपासकट वाफा उकरलाच म्हणून समजा! गोगलगायी मारायच्या मेटाल्डिहाइडच्या विषारी गोळ्याही नकोत.

कण्हेर, सायकस, डिफेनबेकिया ही विषारी झाडं टाळा. मांजर असेल तर लिली अजिबात नको, अंगावर पडलेले परागकण चाटले तरी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. गुलाब, जर्बेरा खुशाल लावा.

कुत्रा कुंपणालगत रोज एकाच वाटेने धावतो. तिथे लॉन लावून त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही, ती पट्टी त्यालाच देऊन टाका. लॉनवर लघवी केली तर लगेच भरपूर पाणी ओता, नाहीतर नत्र जास्त होऊन गवत करपतं.