पत्ते ही क्रीडा का? आणि झोका?

शिरपूरच्या एका वाचकाने विचारलंय: 'बुद्धिबळ, पत्ते यांना क्रीडा म्हणणं बरोबर आहे का? का नुसतं खेळ म्हणावं? आणि कुस्ती खेळतात की लढतात?'

आधी क्रीडा. आज हा शब्द फार सोवळा वाटतो, पण जुन्या काव्यात तो जलक्रीडा, कामक्रीडा असल्या संगतीत सापडतो. तालुका क्रीडा संकुल, क्रीडा अधिकारी, क्रीडा प्रमाणपत्र ही त्याची अलीकडची नोकरी, 'स्पोर्ट्स'च्या जागेवर लागलेली. तेव्हा आजची ढोबळ खूण अशी: ज्याला संघटना, नियम आणि पंच आहेत आणि ज्याचं प्रमाणपत्र सरकारी भरतीच्या 5 टक्के खेळाडू आरक्षणात पुढे करता येतं, ती क्रीडा. घाम किती गळतो याला महत्त्व नाही. बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेला ऑलिंपिक समितीने 1999 मध्येच मान्यता दिली. पत्त्यांचं म्हणाल, तर 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ब्रिजमध्ये भारताच्या प्रणव बर्धन आणि शिवनाथ सरकार या जोडीने सुवर्णपदक मिळवलं. बर्धन तेव्हा साठ वर्षांचे होते!

खेळ या शब्दाची मात्र गंमतच वेगळी. संस्कृतात 'खेल्' म्हणजे हलणं, डोलणं, इकडून तिकडे जाणं. तो अर्थ मराठीने अजून टाकलेला नाही. घरात वारा खेळता लागतो, धंद्यात भांडवल खेळतं लागतं. इथे कोण कोणाला हरवतंय? आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे खानदेशात निंबाला दोर बांधून माहेरवाशिणी झोका खेळतात. पुण्याकडची मंडळी झोका 'घेतात'. आम्हाला आमचंच क्रियापद जास्त नेमकं वाटतं, कारण इकडून तिकडे जाणं याहून झोक्यात दुसरं आहे काय? गाणी म्हणायची, पाय ताणून दोर आणखी उंच न्यायचा, बास. लोक का खेळतात, याचं उत्तर मला त्या झोक्यात जास्त सापडतं, पदकांच्या यादीत कमी. आमच्याकडच्या तावडी बोलीत 'ळ'चा 'य' होतो, म्हणून आमची आजी 'खेयाले गेला' म्हणायची. काय खेळायला, ते सांगायची तिला कधी गरज वाटली नाही.

आता कुस्ती. जुना पैलवान कुस्ती खेळत नाही. तो ती धरतो, लढतो, मारतो. यात्रेच्या दंगलीत जोड लावतात, कुस्ती बरोबरीत सुटते, नाहीतर निकाली होते. 'कुस्ती खेळणे' हल्ली वर्तमानपत्रांत सर्रास दिसतं. चूक म्हणणार नाही, पण कानाला फिकं लागतं. पोहणं आणि धावणं तर क्रीडेच्या कुठल्याही यादीत असतात, पण 'मी पोहणं खेळतो' असं कोणी म्हणत नाही. उलट फुगडी, होळी, झोका खुशाल खेळतात आणि यादीत कुठेच नसतात.

तेव्हा ब्रिजच्या स्पर्धेला क्रीडा म्हणा, हरकत नाही. आखाजीला ओट्यावर पैसे लावून रंगणाऱ्या डावाला आमचे धुळ्याकडचे मामा खेळ म्हणायचे. 'आज आखाजी शे ना!' एवढं त्यांचं समर्थन. संध्याकाळी रिकाम्या खिशाने घरी आले की मामी त्याला वेगळाच शब्द वापरायची. तो इथे लिहिण्यासारखा नाही.