वाचकांचे प्रश्न : डिकीतील संकटकालीन पेटी

प्रश्न : ‘इमर्जन्सी किट’ म्हणून मिळणारी एक तयार पिशवी मी गाडीसाठी घेतली आहे. तिच्यात जंपर केबल, टॉर्च, गाडी ओढण्याचा दोर, परावर्तक त्रिकोण, हातमोजे आणि प्रथमोपचाराची छोटी डबी आहे. पिशवी डिकीत ठेवली आहे आणि सुदैवाने ती उघडण्याची वेळ अजून आलेली नाही. लवकरच कुटुंबासह लांबचा प्रवास करायचा असून त्यात काही टप्पा रात्रीचाही आहे. या पिशवीवर विसंबावे, की तिच्यात आणखी काही भर घालावी?

उत्तर : पिशवी एकदाही उघडलेली नसेल, तर तूर्त तिच्यावर विसंबू नये. तयार पिशवी कोणत्याही गाडीला चालेल अशा बेताने भरलेली असते; आपल्या गाडीचे नट, आपली बॅटरी आणि आपली स्टेपनी यांचा तिच्याशी काही संबंध असेलच असे नाही. म्हणून नव्या वस्तूंची यादी करण्यापूर्वी दिवसाउजेडी गाडी सपाट जागी उभी करावी आणि जे आहे ते वापरून पाहावे.

सुरुवात टायरपासून करावी, कारण बॅटरी आणि टायर हीच रस्त्यात अडकण्याची नेहमीची कारणे असतात. स्टेपनी अनेक महिने डिकीच्या तळाशी पडून असते आणि तिची हवा हळूहळू उतरत जाते. टायरमधील हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा बहुतेक गाड्यांत स्टेपनीकडे लक्ष देत नाही. मूळ टायरपेक्षा अरुंद अशी तात्पुरती स्टेपनी असेल, तर तिला साधारणपणे ६० पीएसआय इतका, म्हणजे नेहमीच्या टायरच्या जवळजवळ दुप्पट दाब लागतो आणि तिच्यावर ताशी ८० किलोमीटरपेक्षा वेगाने जाऊ नये, अशी सूचना बहुधा तिच्यावरच छापलेली असते. ती आजच वाचून ठेवावी.

त्यानंतर गाडीबरोबर आलेला पाना घेऊन एका चाकाचा एक नट सैल करून पाहावा. पुष्कळांचा प्रयत्न इथेच थांबतो. कार्यशाळेत हे नट हवेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राने आवळलेले असतात आणि गाडीसोबत मिळणाऱ्या आखूड दांड्याच्या पान्याने ते हलत नाहीत. ओढून लांब करता येणाऱ्या दांड्याचा, आपल्या नटाच्या मापाचा पाना ही या पेटीतील सर्वांत उपयोगी भर आहे, असे माझे मत आहे. मोठ्या जाहिरातीच्या अनेक वस्तूंपेक्षा त्याचा उपयोग अधिक. चोरी टाळण्यासाठी प्रत्येक चाकाला एक वेगळ्या घडणीचा नट बसवलेला असेल, तर त्याची जोडटोपी (तो नट सोडवण्यासाठी पान्याला लावायचा खास तुकडा) कुठे आहे हेही याच वेळी शोधावे. ती हरवली असेल, तर पाना कितीही चांगला असला तरी चाक निघणार नाही.

नट नेहमी चाक जमिनीवर टेकलेले असतानाच अर्धा फेरा सैल करावेत आणि मगच जॅक लावावा. जॅक कुठे टेकवायचा त्या खाचा गाडीच्या बाजूच्या कडेखाली असतात. त्या बोटाने चाचपून ओळखून ठेवाव्यात, म्हणजे अंधारात शोधाशोध होत नाही. रस्त्याकडेची माती मऊ असते आणि गाडीच्या वजनाने जॅक तिच्यात रुततो, म्हणून सुमारे एक फूट लांबीरुंदीचा जाड प्लायवूडचा तुकडा आणि उचलायच्या चाकाच्या तिरप्या समोरच्या चाकाला पुढून-मागून लावण्यासाठी दोन पाचरी पेटीत असाव्यात. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली शरीराचा कोणताही भाग नेऊ नये.

आता केबल. उतरलेल्या बॅटरीची गाडी दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवर सुरू करण्याच्या या जंपर केबलची जाडी बाहेरून फसवी असते, कारण जाड प्लॅस्टिकच्या आत तांब्याची तार बारीक असू शकते आणि काही केबलींत तर तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम असते. इंजिन सुरू होताना स्टार्टर शंभर-दोनशे ॲम्पिअर किंवा त्याहून अधिक प्रवाह ओढतो. बारीक तारेतून तो जात नाही, तार मात्र तापते. लहान पेट्रोल गाडीला १६ चौरस मिलिमीटर आणि डिझेल गाडीला २५ चौरस मिलिमीटर छेदाची तार असावी. वेष्टनावर हा आकडाच दिलेला नसेल, तर ती केबल बाजूला ठेवणे बरे. लांबी तीन मीटरहून कमी नसावी, कारण दोन गाड्यांच्या बॅटऱ्या नेहमी सोयीच्या बाजूला असतातच असे नाही.

जोडण्याचा क्रमही एका कागदावर लिहून केबलीबरोबर ठेवावा. लाल चिमटा प्रथम उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला आणि मग चालू गाडीच्या धन टोकाला लावावा. काळा चिमटा चालू गाडीच्या ऋण टोकाला आणि शेवटचा चिमटा बंद गाडीच्या इंजिनवरील एखाद्या उघड्या, रंग नसलेल्या धातूला, बॅटरीपासून दूर लावावा. शेवटची जोडणी करताना ठिणगी उडते आणि बॅटरीतून निघणारा हायड्रोजन वायू पेट घेऊ शकतो, म्हणून ती ठिणगी बॅटरीपाशी उडू द्यायची नाही. काढताना क्रम बरोबर उलटा ठेवावा.

गाडी ओढण्याच्या दोराविषयी थोडक्यात सांगतो. अनेक गाड्यांत ओढण्याची कडी वेगळी दिलेली असते आणि ती बंपरवरील झाकण काढून आटे फिरवून बसवावी लागते. स्वयंचलित गिअरची गाडी दोराने ओढण्यावर वेग आणि अंतर यांची कडक मर्यादा असते, काही गाड्यांत तर पूर्ण मनाई असते. गाडीच्या माहितीपुस्तिकेत हे पान काढून त्यावर खूण करावी. आपल्या गाडीला मनाई असेल, तर दोर पिशवीतून काढून टाकावा आणि त्या जागी सुटे फ्यूज ठेवावेत. पात्याच्या फ्यूजांचे रंग ठरलेले असतात : १० ॲम्पिअरचा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. जळलेल्या फ्यूजच्या जागी त्याच रंगाचा फ्यूज बसवावा. जास्त क्षमतेचा फ्यूज किंवा तारेचा तुकडा बसवला, तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायरिंग जळते.

रात्रीच्या प्रवासासाठी हातात धरायच्या टॉर्चपेक्षा डोक्याला बांधायची टॉर्च घ्यावी, कारण नट फिरवायला दोन्ही हात लागतात. परावर्तक जाकीट डिकीत न ठेवता आसनाजवळ ठेवावे आणि गाडीतून उतरण्यापूर्वीच अंगात घालावे. ते काढायला गाडीच्या मागे जावे लागत असेल, तर तोवर धोका पत्करून झालेला असतो. त्रिकोण साध्या रस्त्यावर निदान पन्नास मीटर मागे ठेवावा. ताशी १०० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर जाते, म्हणजे पन्नास मीटर हे तिच्यासाठी दोन सेकंदांचेही अंतर नव्हे; म्हणून वेगवान रस्त्यावर हे अंतर दुपटीने वाढवावे, आणि वळण असेल तर त्रिकोण वळणाच्या अलीकडे ठेवावा, म्हणजे मागून येणाऱ्याला तो वळण्यापूर्वीच दिसेल. मात्र जिथे चालायला सुरक्षित कड नाही, तिथे त्रिकोण ठेवायला जाऊच नये; धोक्याचे दिवे लावून सर्वांनी कठड्यापलीकडे उभे राहावे आणि मदत बोलवावी.

प्रश्न : गाडी दिवसभर उन्हात उभी असते. अशा उष्णतेत पेटीतील कोणत्या वस्तू टिकत नाहीत?

उत्तर : बाहेर ३५ अंश तापमान असताना उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीच्या आतील तापमान तासाभरात ५० अंशांच्या पुढे जाते. औषधांची साठवण मर्यादा बहुधा २५ ते ३० अंश असते, त्यामुळे गोळ्या आणि मलमे प्रथमोपचार पेटीत कायम ठेवू नयेत. ती प्रवासाच्या दिवशी सोबत घ्यावीत. पेटीत जाळीचे निर्जंतुक कापड, गुंडाळपट्ट्या, कात्री, हातमोजे आणि रक्तस्राव दाबून धरण्यासाठी जाड घड्या असाव्यात. चिकटपट्ट्यांचा गोंद उष्णतेने निघतो, त्या दरवर्षी बदलाव्यात. खरचटल्यावर लावायच्या छोट्या पट्ट्यांनीच भरलेली पेटी रस्त्यावरील अपघातात फारशी कामाची नसते.

दुसऱ्या गाडीविना गाडी सुरू करून देणारे, स्वतःची बॅटरी असलेले जंप स्टार्टर बहुधा लिथियमचे असतात. ते उन्हात तापणाऱ्या गाडीत कायम ठेवू नयेत, आणि घरी ठेवले तरी तीन महिन्यांनी एकदा चार्ज करावेत. पंक्चर बुजवण्याच्या फवारणीच्या डब्यावर ५० अंशांपेक्षा जास्त तापू देऊ नये, असे बहुधा लिहिलेलेच असते, शिवाय तिला मुदतही असते. टॉर्चमधील साधे अल्कलाइन सेल गळून आतील पत्र्या खातात. ते बाहेर काढून वेगळ्या पिशवीत ठेवावेत किंवा लिथियमचे, रिचार्ज न होणारे सेल वापरावेत. सुटे पेट्रोल डब्यात भरून डिकीत ठेवण्याचा विचारही करू नये.

प्रश्न : लहान अग्निशामक ठेवणे खरोखर उपयोगाचे आहे का?

उत्तर : आहे, परंतु त्याची मर्यादा ओळखूनच. एक किलोचा पावडर अग्निशामक साधारण आठ-दहा सेकंदांत रिकामा होतो. सुरुवातीची छोटी आग तेवढ्यात विझते, वाढलेली विझत नाही. बॉनेटखाली आग असेल, तर बॉनेट पूर्ण उघडताच हवा मिळून ती भडकते. केवळ खटका सोडून फटीतून फवारा मारावा, आणि तेवढ्याने भागले नाही तर सर्वांनी लांब जावे. सिलिंडर चालकाच्या हाताशी, पट्ट्याने घट्ट बांधलेला असावा, कारण जोरात ब्रेक लागल्यावर सुटा सिलिंडर आतल्या माणसांवर येऊन आदळतो. सततच्या हादऱ्यांनी पावडर तळाशी घट्ट बसते, म्हणून अधूनमधून तो उलटा करून हलवावा आणि काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, ते पाहावे.

काच फोडण्याचा हातोडा आणि पट्टा कापण्याची सुरीही हाताशीच हवी. हा हातोडा फक्त टफन्ड, म्हणजे फुटताच बारीक तुकडे होणाऱ्या काचेवर चालतो. पुढची काच लॅमिनेटेड, म्हणजे दोन थरांमध्ये प्लॅस्टिकचा पडदा असलेली असते आणि ती असल्या हातोड्याने फुटून पडत नाही. अलीकडे काही गाड्यांच्या बाजूच्या काचाही लॅमिनेटेड असतात, तेव्हा काचेच्या कोपऱ्यातील ठसा वाचून कोणती काच फोडता येईल ते सर्व कुटुंबीयांना सांगून ठेवावे.

प्रश्न : माझी गाडी इलेक्ट्रिक आहे आणि तिला स्टेपनीच नाही. मग पेटीत काय ठेवावे?

उत्तर : १२ व्होल्टवर चालणारा हवा भरण्याचा पंप आणि ट्यूबलेस टायरचे पंक्चर काढण्याचा संच ठेवावा. या संचाने फक्त रस्त्याला टेकणाऱ्या भागातील खिळ्याएवढे छिद्र बुजवावे, टायरची बाजू फाटली असेल तर प्रयत्नच करू नये. पंप गाडीच्या १२ व्होल्टच्या खोबणीची क्षमता पाहून निवडावा, कारण तिचा फ्यूज बहुधा १५ ते २० ॲम्पिअरचा असतो. बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांत मोठ्या बॅटरीखेरीज १२ व्होल्टची एक लहान बॅटरीही असते, आणि ती उतरली तर गाडी सुरूच होत नाही. तिला बाहेरून प्रवाह कुठे जोडायचा ते माहितीपुस्तिकेत दिलेले असते. मात्र आपल्या गाडीवरून दुसऱ्याची गाडी सुरू करून देण्यास अनेक उत्पादकांची मनाई असते. गाडी ओढून नेण्याची वेळ आलीच, तर फिरणारी चाके जमिनीवर ठेवून ओढू देऊ नये. चारही चाके वर घेणारे वाहन मागवावे आणि फोन करतानाच गाडी इलेक्ट्रिक असल्याचे सांगावे.